वॉर्डातलं इंग्रजी: शब्दांतून कळणारा वर्ग, वय आणि अदब

प्रश्न मिरजेच्या एका परिचारिकेचा आहे. परदेशी काम करू इच्छिणाऱ्या परिचारिका-डॉक्टरांसाठीची ओईटी ही इंग्रजीची परीक्षा चांगल्या गुणांनी पार पडली, उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या एका रुग्णालयात नेमणूक मिळाली, व्हिसाही आला. आता आधीच तिकडे गेलेल्या ओळखीच्यांनी बजावलंय की 'टॉयलेट' म्हणू नकोस, 'पार्डन' तर मुळीच म्हणू नकोस, लोक खालच्या थरातली समजतात. हे खरं का, कोणता शब्द वरच्या वर्गाचा, कोणता जुन्या पिढीचा, कोणता नको इतका औपचारिक हे कसं ओळखायचं, आणि स्वतः काय बोलायचं, असं त्यांनी विचारलंय. सोबत आठ वर्षांची मुलगी जाणार आहे, तिच्याबद्दलही एक ओळ आहे.

ताई, तिकडच्या वॉर्डांमध्ये मी दुभाषी म्हणून काम केलंय आणि आता इथून जाणाऱ्या परिचारिकांना, डॉक्टरांना इंग्रजी शिकवते. या गोष्टी कामावर पहिल्याच दिवशी समोर येतात. म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यामागे एक खरी गोष्ट आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ ॲलन रॉस यांनी १९५४ साली फिनलंडच्या एका नियतकालिकात लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की इंग्लंडमधला वरचा वर्ग आता पैशाने किंवा शिक्षणाने वेगळा ओळखू येत नाही, तो ओळखू येतो फक्त भाषेवरून. वरच्या वर्गाच्या शब्दांना त्यांनी 'यू' म्हटलं ('अपर'चं पहिलं अक्षर) आणि बाकीच्यांना 'नॉन-यू'. पुढच्या वर्षी लेखिका नॅन्सी मिटफर्ड यांनी ही कल्पना उचलून मासिकात लेख लिहिला आणि देशभर धांदल उडाली. जो तो आपण कुठे बसतो ते तपासू लागला. त्या यादीत 'नॅपकिन' वरचा आणि 'सर्व्हिएट' खालचा, 'लॅव्हेटरी' किंवा 'लू' वरचा आणि 'टॉयलेट' खालचा, 'सोफा' वरचा आणि 'सेटी' खालचा, 'रिच' वरचा आणि 'वेल्दी' खालचा. नीट ऐकू आलं नाही तर वरच्या वर्गातला माणूस सरळ 'व्हॉट?' म्हणणार, आणि 'पार्डन?' म्हणणारा तिथल्या तिथे पकडला जाणार.

यातली गंमत आपल्या लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. आपल्याला वाटतं, जितका शब्द गुळगुळीत तितका तो वरचा. तिथे उलट आहे. माणूस मेला तर सरदार घराण्यातला 'डाइड' म्हणतो, आणि 'पास्ड ऑन' हे त्या यादीच्या हिशेबात नॉन-यू ठरतं. खोट्या दातांना वरचा वर्ग सरळ 'फॉल्स टीथ' म्हणतो, मधला वर्ग 'डेंचर्स' म्हणतो. ज्याला आपली जागा पक्की ठाऊक आहे त्याला सारवासारव करायची गरज वाटत नाही. म्हणून अगदी वरचा माणूस आणि अगदी कष्टकरी माणूस पुष्कळदा एकच रोखठोक शब्द वापरतात. सांभाळून, नटवून बोलायची ओढ मधल्या लोकांना असते, कारण घसरायची भीती त्यांनाच असते. आपल्याकडेही 'बायको' म्हणायला संकोचून 'मिसेस' म्हणणारी माणसं आहेतच.

पण ही यादी सत्तर वर्षांपूर्वीची आहे. आज रुग्णालयाच्या दारावरच 'टॉयलेट्स' लिहिलेलं असतं. तुम्ही 'टॉयलेट' म्हणालात तर कोणीही भुवई उंचावणार नाही. घरगुती बोलण्यात 'लू' सगळ्या थरांत चालतो, म्हातारीला 'डू यू नीड द लू?' विचारलंत तर बरं वाटतं. 'पार्डन'च्या जागी मात्र 'सॉरी?' ची सवय लावा, आणि ती वर्गासाठी नको. 'सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट' म्हटलं की ऐकणारा तेच वाक्य सावकाश पुन्हा म्हणतो, आणि वॉर्डात तुम्हाला तेच हवं असतं.

अजून एक. तुम्ही त्या वर्गाच्या शिडीवर मुळात उभ्याच नाही. तुमचा उच्चार ऐकला की समोरच्याला कळतं की ही बाई भारतातून आलीय, आणि 'सेटी' म्हणाल्या म्हणून तुम्हाला अमुक वर्गात बसवायचा विचारही त्याच्या मनात येत नाही. ही मोठी मोकळीक आहे, ती फुकट घालवू नका. वर्ग ओळखायला शिका तो रुग्ण समजावा म्हणून. बोलताना वरच्या वर्गाचा आव आणायला गेलात तर अडचण होईल, कारण शब्द कोणी तरी ठरवून घातला आहे हे इंग्रज माणसाला चटकन ऐकू येतं. शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकात, म्हणजे ज्यावरून पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' लिहिलं त्यात, हाच प्रवेश आहे. फुलं विकणारी एलायझा उमरावांचे उच्चार अचूक शिकते आणि त्या उच्चारांत चारचौघांत आपल्या मावशीला कशी संपवली असावी हे सांगते. उच्चार वरचे, गोष्ट आणि शब्द गल्लीतले. निघताना ती 'ब्लडी' म्हणते, आणि १९१४ च्या लंडनमध्ये रंगमंचावरचा तो शब्द खळबळ उडवून गेला. मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं: तिथे बसलेली एका खानदानी पण पैसा न उरलेल्या घरातली मुलगी त्या शिवीला नवी फॅशन समजते आणि स्वतःही वापरते. वर्ग, वय आणि अदब या तिन्हींची गल्लत एका शब्दात कशी होते, ते त्या प्रवेशात पुरतं दिसतं.

आता तुमच्या रोजच्या कामाकडे येते. यॉर्कशरमध्ये तुम्हाला सगळ्यात जास्त फसवणारा शब्द 'टॉयलेट' नसेल, 'डिनर' असेल.

दक्षिणेतल्या सुशिक्षित घरात 'डिनर' म्हणजे रात्रीचं जेवण. उत्तरेतल्या कष्टकरी घरात 'डिनर' म्हणजे दुपारचं जेवण, आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास जे जेवतात ते 'टी'. चहा असेलही, पण 'टी' म्हणजे गरम जेवण. पूर्वी सगळ्यांचंच मुख्य जेवण दुपारी असे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात वरच्या वर्गाने ते सरकवत सरकवत रात्रीवर नेलं आणि मधली पोकळी 'लंच'ने भरली. उत्तरेतले कामकरी लोक जुन्या वेळेला चिकटून राहिले. शाळेत दुपारी जेवण वाढणाऱ्या बाईला आजही सगळीकडे 'डिनर लेडी'च म्हणतात. 'सपर' तर आणखी घोळ घालतो: सुखवस्तू घरात ते रात्रीचं साधं घरगुती जेवण, आणि उत्तरेतल्या आजोबांच्या घरात झोपायच्या आधीचं दूध-बिस्किट.

म्हणजे घरी सोडताना तुम्ही आजोबांना 'टेक धिस आफ्टर डिनर' म्हणालात, तर ते गोळी दुपारी बाराला घेतील, आणि त्यात त्यांची काहीच चूक नसेल. औषध सांगताना जेवणाचं नाव घेऊच नका. 'ॲट ट्वेल्व्ह, विथ युअर मिडडे मील' किंवा 'ॲट सिक्स इन द इव्हनिंग' म्हणा आणि त्यांच्याकडून एकदा वदवून घ्या. रुग्ण म्हणाला 'आय हॅव्ह हॅड नाउट सिन्स डिनर', तर 'नाउट' म्हणजे 'नथिंग', आणि तो दुपारपासून उपाशी आहे. शस्त्रक्रियेआधी उपवासाचे तास मोजताना हे वाक्य चुकीचं कळून चालणार नाही. तिथल्या बोलीतला 'आउट' (owt) म्हणजे 'एनिथिंग' आणि 'समट' म्हणजे 'समथिंग' हेही आजच पाठ करून टाका.

दुसरा शब्द 'पुअरली'. तो ऐकायला लहान मुलाच्या सर्दीसारखा वाटतो, आणि घरात तो तसाच वापरतात. पण वॉर्डात वरिष्ठ परिचारिका ड्यूटी सोपवताना म्हणाली 'ही इज व्हेरी पुअरली', तर तो रुग्ण अत्यवस्थ आहे. नातेवाइकांना बोलावून घेण्याची वेळ आलेली असू शकते. मी शिकवताना या एका शब्दावर बराच वेळ घालवते, कारण इथून गेलेल्यांना 'क्रिटिकल', 'सीरियस' हे शब्द ठाऊक असतात आणि ते उच्चारलेच जात नाहीत.

'सिक'चंही तसंच. आपण 'आय ॲम सिक' म्हणजे आजारी म्हणतो. तिथे 'आय फील सिक' म्हणजे मळमळतंय, आणि 'आय हॅव्ह बीन सिक' म्हणजे उलटी झाली. नोंद त्याप्रमाणे करायची. त्याच वॉर्डातला सतरा वर्षांचा मुलगा 'दॅट्स सिक' म्हणाला तर त्याला एखादी गोष्ट फार आवडलीय.

वयाचा भाग इथेच सुरू होतो. ऐंशीच्या घरातली बाई शरीराबद्दल आडून बोलते. 'आय नीड टु स्पेंड अ पेनी' म्हणजे लघवीला जायचंय. सार्वजनिक शौचालयाच्या दारात एक पेनी टाकावी लागे, त्यावरून आलेलं हे. नाणी १९७१ मध्ये बदलली, वाक्प्रचार तिच्या पिढीसोबत राहिला. 'माय वॉटरवर्क्स' म्हणजे लघवीचा त्रास, 'बॅक पॅसेज' म्हणजे गुदद्वार, 'बंग्ड अप' म्हणजे शौचाला होत नाही. 'आय हॅड अ फनी टर्न' असं म्हणाल्या तर हसू नका. चक्कर आली, शुद्ध हरपल्यासारखं झालं, असं त्या सांगतायत, आणि पडल्या होत्या का हे लगेच विचारायचं असतं. या वयाच्या लोकांना वेदना विचारल्या की 'नॉट टू बॅड' किंवा 'अ बिट अनकम्फर्टेबल' एवढंच उत्तर मिळतं. तक्रार करणं वाईट, असं शिकून मोठी झालेली माणसं आहेत ती. अशा वेळी शून्य ते दहा असा आकडा विचारा, चेहरा बघा, आणि कुशीवर वळताना श्वास रोखतात का ते बघा. शब्दावर विसंबू नका.

तरुणांकडून उलटा प्रकार होतो. 'थँक यू' म्हटलं की म्हातारी 'यू आर वेलकम' किंवा 'नॉट ॲट ऑल' म्हणेल, तरुण 'नो वरीज' म्हणेल. कॅन्टीनमध्ये वयस्क माणूस 'कुड आय हॅव्ह अ कॉफी, प्लीज' म्हणतो, पोरं 'कॅन आय गेट अ कॉफी' म्हणतात, आणि त्यावर जुनी मंडळी चिडतात, त्यांना ते अमेरिकन वाटतं. लंडनच्या पोरांचं 'इनिट' (हो ना), 'पेंग' (झकास), 'वॅगवान' (काय चाललंय) हे वेगळंच प्रकरण आहे. पूर्व लंडनमध्ये जमैकन, आफ्रिकी, बांगलादेशी अशा अनेक घरांतली मुलं एकत्र वाढली आणि त्यातून एक नवी बोली तयार झाली. भाषाशास्त्रज्ञांनी हॅकनी भागात जाऊन तिचा पद्धतशीर अभ्यास केलाय. आता ती समाजमाध्यमांतून लीड्स-ब्रॅडफर्डलाही पोचते. ती समजून घ्या, बोलू नका. चाळिशीच्या परिचारिकेच्या तोंडी ती मुलांनाच अवघडल्यासारखी वाटते.

'यू ऑलराइट?' हा प्रश्न नाही, ते 'काय, बरं आहे ना' असं जाता जाता म्हणणं आहे. आपण आजारी दिसतोय का असं वाटून नव्या मुली गोंधळतात. 'ऑलराइट, थँक्स. यू?' म्हणून पुढे चालू लागायचं.

अदबीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण आपली माणसं अडखळतात ती इथे. वर्गाच्या शब्दांवरून तुम्हाला कोणी जोखणार नाही, पण तुमचं वाक्य थंड आहे की मऊ, हे प्रत्येक जण जोखेल.

इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन-दोन शब्द आहेत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबार आणि न्यायालयं फ्रेंच-लॅटिन बोलू लागली, शेतात नि स्वयंपाकघरात इंग्रजीच राहिली. म्हणून 'आस्क' घरातला आणि 'रिक्वेस्ट' कचेरीतला, 'हेल्प' घरातला आणि 'असिस्ट' कचेरीतला, 'बाय' आणि 'पर्चेस', 'टेल' आणि 'इन्फॉर्म', 'स्टार्ट' आणि 'कमेन्स'. आपल्याकडे इंग्रजी आली ती पुस्तकांतून, अर्जांतून आणि सरकारी फायलींतून. त्यामुळे खाटेजवळ बोलतानाही आपल्या तोंडी फाइलची भाषा येते. 'काइंडली बी सीटेड.' आपल्याला हे नम्र वाटतं. तिथे 'काइंडली' म्हणजे बोलणारा वैतागलाय अशी खूण असते, पाटीवर 'काइंडली रिफ्रेन' लिहितात तशी. 'डू द नीडफुल' हे एकेकाळी इंग्रजांचंच होतं. तिकडे ते विझलं, आपल्या कचेऱ्यांत टिकलं. आज तिकडचा तरुण ते ऐकून थबकतो. आणि एक कळकळीची सूचना: 'आय पास्ड आउट इन टू थाउजंड सिक्स्टीन' असं कृपा करून म्हणू नका. तिथे, त्यातही रुग्णालयात, 'पास्ड आउट' म्हणजे बेशुद्ध पडणं. 'आय क्वालिफाइड' म्हणा. तसंच 'एक्स्पायर' होतं ते दूध आणि पासपोर्ट. माणसाच्या बाबतीत नातेवाइकांशी बोलताना वरच्या-खालच्या वर्गाचा विचार न करता स्पष्ट 'ही हॅज डाइड' म्हणा. तिथल्या प्रशिक्षणातही तेच शिकवतात, कारण शोकात असलेल्या माणसाला आडवळणाचे शब्द कळत नाहीत.

मग नम्रता कुठे असते? आपल्या मराठीत ती क्रियापदातच असते. 'बस', 'बसा', 'बसता का'. प्रमाण इंग्रजीतला 'तू' केव्हाच मावळला, सगळ्यांना एकच 'यू' उरला, त्यामुळे आदर दाखवायचं काम सगळ्या वाक्याच्या बांधणीवर आलं. 'सिट डाउन, प्लीज' यात 'प्लीज' असूनही हुकूम आहे. 'वुड यू लाइक टु टेक अ सीट?' हाही हुकूमच आहे, पण प्रश्नाच्या वेषात. तिथल्या परिचारिकांच्या तोंडी दिवसभर एक छोटा शब्द असतो, 'पॉप'. 'पॉप युअर आर्म आउट फॉर मी', 'जस्ट पॉप अप ऑन द बेड फॉर मी', 'आय विल जस्ट पॉप धिस ऑन'. शब्दकोशात बघितलंत तर अर्थ लागणार नाही. मराठीत जे काम 'जरा' करतो तेच 'जस्ट पॉप' करतं. 'हात पुढे करा' आणि 'जरा हात पुढे करता?' यांत जो फरक, तोच. शेवटचं 'फॉर मी' 'माझ्यासाठी एवढं करा ना' अशा सुरात येतं. सुई टोचायच्या आधी 'शार्प स्क्रॅच' म्हणायचं, हे तर जवळपास ठरलेलंच आहे. 'नाउ आय विल इंजेक्ट' म्हणालात तर रुग्ण हात आखडून घेईल.

हाच मऊपणा वरिष्ठ तुमच्याशी बोलताना वापरतील, आणि तो तुम्हाला ओळखता आला पाहिजे. डॉक्टर म्हणाले 'यू माइट वॉन्ट टु कीप ॲन आय ऑन हिज फ्लुइड्स', तर ते सुचवत नाहीत, सांगतायत. 'विथ रिस्पेक्ट' असं कोणी सुरू केलं तर पुढे मतभेद येणार. 'क्वाइट गुड' म्हणजे उत्तम नव्हे, ठीक.

नम्र व्हायच्या नादात आणखी एक सवय लागते, तीही टाळा: 'इज दॅट ओके फॉर युअरसेल्फ?', 'प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ'. तिथल्या कॉल सेंटरांत हे सर्रास ऐकू येतं. जास्तच अदबशीर वाटावं म्हणून 'यू' आणि 'मी' यांना फुगवलंय, आणि सुशिक्षित कानाला तेच खटकतं.

हाक मारण्याचं. 'सर', 'मॅडम' रुग्णाला सारखं म्हणू नका, दुकानात आल्यासारखं वाटतं. 'अंकल', 'आंटी' तर नकोच. पहिल्या भेटीत 'मिस्टर' किंवा 'मिसेस' आणि आडनाव, आणि लगेच विचारा: 'व्हॉट वुड यू लाइक मी टु कॉल यू?' काही आजी पहिल्या नावाने बोलावलेलं पसंत करतात, काहींना तो उद्धटपणा वाटतो, आणि वयावरून याचा अंदाज बांधता येत नाही. आधी स्वतःचं नाव सांगायचं. यॉर्कशरमध्येच काम करणाऱ्या डॉ. केट ग्रेंजर यांना कर्करोग झाला, रुग्ण म्हणून दाखल असताना २०१३ साली त्यांच्या लक्षात आलं की येणारे-जाणारे स्वतःचं नावही सांगत नाहीत. त्यांनी 'हेलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली. २०१६ मध्ये त्या गेल्या, पण ते वाक्य आज पिवळ्या बिल्ल्यांवर देशभर दिसतं. 'सिस्टर' हे तिथे पद आहे, वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेचं. आणि सर्जनला 'डॉक्टर' म्हणू नका, तो 'मिस्टर', ती 'मिस' किंवा 'मिसेस'. न्हावीच शस्त्रक्रिया करत त्या काळापासूनचा हा रिवाज ते अभिमानाने पाळतात.

रुग्ण तुम्हाला 'लव्ह' म्हणतील. यॉर्कशरमध्ये बसचालक पुरुषालाही 'लव्ह' म्हणतो, त्यात सलगी नाही. स्टोक-नॉटिंगहॅमकडे 'डक', न्यूकॅसलला 'पेट', ग्लासगोला 'हेन'. ते प्रेमाने घ्या, परत म्हणायची घाई करू नका. पुढे कधी तरी तुमच्याही तोंडी ते आपसूक येईल, तेव्हा खटकणार नाही.

ईमेलचं थोडक्यात. सहकाऱ्याला 'हाय' आणि पहिलं नाव, शेवटी 'काइंड रिगार्ड्स'. नुसतं 'रिगार्ड्स' जरा कोरडं वाटतं. नाव माहीत नसलेल्याला 'डिअर सर ऑर मॅडम' लिहिलं तर शेवटी 'युअर्स फेथफुली', आडनाव लिहिलं तर 'युअर्स सिन्सिअरली'. 'रिस्पेक्टेड सर' विसरून जा.

मुलीची काळजी करू नका. शाळेत बाईंना 'मिस', गुरुजींना 'सर' म्हणतात, तेवढं सांगून ठेवा. तुम्हाला ती 'मम' म्हणेल की उत्तरेकडची 'मॅम', हे तिच्या शाळेतली मुलं ठरवतील. मोठेपणीही 'ममी' म्हणणं हा वरच्या वर्गाचा रिवाज आहे. चार्ल्स यांनी २००२ मध्ये राणीच्या सुवर्णमहोत्सवात जाहीर व्यासपीठावरून 'युअर मॅजेस्टी' म्हणून लगोलग 'ममी' म्हटलं होतं. घरात 'आई'च राहू द्या. आणि मैत्रिणीच्या आईने 'कॅन शी कम फॉर टी?' असं विचारलं, तर मुलगी शाळा सुटल्यावर तिकडे जाईल, जेवेल आणि साडेसहाच्या सुमारास तुम्ही तिला आणायला जाल, असा त्याचा अर्थ. ती काय खात नाही, हे मात्र आदल्या दिवशीच कळवून ठेवा.